कैचीचा पूल

या पानासाठी पुलांवर लिहायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे मोठ्यानं हसले. "लोणच्याच्या कृतीशेजारी पूल? कोण वाचणार?" म्हणाले. हसू देत बिचारे. आपण बायका माहेर-सासर करताना, मुलांना दवाखान्यात नेताना, लग्नाकार्याला जाताना किती पूल ओलांडतो! त्यातला एखादा आवडला तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

त्यातून मला आवडणारे पूल शहाण्यासुरत्या माणसांना कुरूपच वाटतात. ते जुने लोखंडी. दोन्ही अंगांना उभ्या-तिरक्या पट्ट्यांची जाळी, पुष्कळदा डोक्यावरही तशीच जाळी, आणि मधून जेमतेम एखाददुसरी गाडी जाईल एवढी वाट. आत शिरलं की एखाद्या मोठ्या पिंजऱ्यातून चाललोय असं वाटतं. ऊन असेल तर अंगावरून सावल्यांची पट्टेरी साडी सरकत जाते. इंजिनिअर मंडळी त्यांना ट्रस पूल म्हणतात. आमच्याकडे पत्र्याच्या छपराखाली जे तिकोनी सांगाडे असतात त्यांना कैची म्हणतात. हे पूल म्हणजे त्याच कैचीचे थोरले भाऊ. म्हणून मी आपली त्यांना कैचीचे पूलच म्हणते.

खरं तर कोल्हापूरच्या बाईला दगडी पुलांचं कौतुक असायला हवं. आमचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल दगडी कमानींचा, १८७०च्या दशकातला. सांगलीचा आयर्विन पूल १९२९चा. आणि पावसाळा लागला की आम्हा सगळ्यांचा जीव टांगलेला असतो तो राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर. "किती फूट झालं?" हा जुलै-ऑगस्टमधला आमचा नमस्कार-चमत्कार. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्याही पुष्कळ वर गेलं, रुकडीजवळच्या रेल्वेपुलापाशी पाणी चढलं म्हणून मिरजेची गाडी बंद पडली. ती रेल्वे १८९१ साली सुरू झाली, राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. गाडी नदीवर आली की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो आणि डब्यातल्या निम्म्या बायका न ठरवता नदीकडे बघून हात जोडतात, कुणी नाणं टाकतं. माझंही पुलांचं वेड बहुधा त्या आवाजातूनच सुरू झालं असावं.

पण कैची म्हणजे काय हे मला कळलं ते आमच्या गच्चीवर. चार वर्षांपूर्वी उन्हाळी कामांसाठी आम्ही गच्चीवर पत्र्याची शेड करून घेतली. सांडगे, पापड, मिरच्या वाळवायच्या म्हणजे वळवाच्या पावसाची धास्ती असतेच. उद्यमनगरातला एक फॅब्रिकेटर आला. चार खांब, वर पत्रा, आणि प्रत्येक बाजूला कोपऱ्याकोपऱ्यात त्यानं एकेक तिरकी पट्टी जोडली. सासूबाईंना ती पट्टी काही पसंत पडेना. लुगडं वाळत घालताना आडवी येते, दिसायलाही वंगाळ.

"ती तेवढी काढून टाक बघू," त्या म्हणाल्या.

"आजी, ती काढली तर बाकीचं ठिवून काय करू?" तो म्हणाला. "चौकोन हलतोय. तिकोन हलत न्हाई."

एवढंच बोलून तो चहा प्यायला बसला. सासूबाई आत गेल्या त्या तासभर फुगून होत्या. मी मात्र त्या वाक्यापाशी थबकले. भूमितीत मी त्रिकोणाचे प्रमेय पाठ करून मार्क मिळवले होते, पण त्रिकोण हलत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

तुम्हीही करून बघा. खराट्याचे चार हीर घ्या, चौकोन मांडा, कोपरे दोऱ्यानं बांधा आणि एका कोपऱ्यावर बोटानं दाबा. चौकोन लगेच कलंडतो, त्याचा पतंग होतो. आता तीन हिरांचा त्रिकोण करा आणि दाबा. बोट दुखेल, पण त्रिकोण आपला आकार सोडणार नाही. काडी मोडली नाही आणि गाठ सुटली नाही तर तो हलायला जागाच नसते. चौकोनात एक कर्ण घातला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही गप्प बसतो. स्वयंपाकघरातली लोखंडी मांडणी डुगडुगायला लागली की आपण पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो ना? त्याऐवजी मागच्या बाजूला कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन पट्ट्यांची फुली मारून बोल्ट आवळा. माझी मांडणी तीन वर्षं हललेली नाही. (पुठ्ठ्याची घडी अजून तिथेच आहे, ती झुरळांच्या कामी येते.)

तर कैचीचा पूल म्हणजे एकाला एक लावून मांडलेले असे त्रिकोण. त्यांची रांग नदीवर आडवी टाकायची. दगडी कमान भार घेते ती आपल्या वजनानं. एकेक दगड दुसऱ्याला रेटून धरतो. त्यासाठी नदीत पुष्कळ खांब हवेत, आणि शेवटचा दगड बसेपर्यंत कमानीखाली लाकडाचा भक्कम साचा हवा. जिथे पाणी खोल आहे, तळाला नुसती वाळू आहे, तिथे असा साचा उभा करायचा कुठे? लोखंडी कैची त्या मानानं हलकी, त्यामुळे दोन खांबांतलं अंतर वाढवता येतं. शिवाय ती तुकड्यातुकड्यांनी बनते. इंग्रजांच्या काळात कितीतरी पुलांचं लोखंड विलायतेहून जहाजानं इकडे येत होतं आणि नदीकाठी त्याची जुळणी होत होती. हल्ली घरपोच कपाट येतं, खोक्यात फळ्या आणि स्क्रूची पुडी असते, तसंच काहीसं. फक्त पूल जोडायला हप्ते नव्हे, वर्षं लागत.

आता या पुलांची खरी गंमत. ते वाचता येतात! पुलाच्या जाळीतल्या सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या नसतात. काही बारीक, जणू पट्टीच. काही जाडजूड, दोन-दोन पन्हाळी एकत्र बांधल्यासारख्या. पूर्वी मला वाटे, मिळेल ते लोखंड लावलं असेल. तसं नाही. कपडे वाळत घालायची दोरी आणि तिच्या मधोमध टेकू म्हणून लावलेला बांबू आठवा. दोरीला फक्त ताण असतो, ती बारीक चालते. बांबूला दाब असतो, तो बारीक असला तर वाकतो. पुलातही तेच. जी पट्टी ओढली जातेय ती सडपातळ, जी दाबली जातेय ती धष्टपुष्ट. म्हणजे नुसत्या जाडीवरून नजर फिरवली तरी कोण ओढ सोसतंय आणि कोण भार सोसतंय ते कळतं. सिमेंटच्या पुलाचं असं नाही. त्याच्याही पोटात लोखंड असतं आणि तेही ओढ सोसतं, पण वरून सारवल्यावर आतलं काय दिसणार? घरातल्या थोरल्या सुनेसारखं, सगळं आत. (हे वाक्य सासूबाई वाचणार आहेत, हे मला माहीत आहे.)

या जाळीच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यांची जणू स्पर्धाच लागली होती. १८४०च्या दशकात प्रॅट नावाच्या बापलेकांनी एक तऱ्हा काढली; तिच्यात उभे खांब भार घेतात आणि तिरक्या पट्ट्या ओढ. त्याच्या थोडं आधी विल्यम हॉव नावाच्या माणसानं बरोबर उलटी मांडणी केली होती: तिरके वासे लाकडाचे, ते दाब घेणार, आणि उभ्या लोखंडी सळया ओढ घेणार. लाकूड वाळून आकसलं, पूल ढिला पडला, की सळयांचे नट आवळायचे. नवारीची खाट झोळ धरायला लागली की आपण नवार ओढून घेतो, अगदी तसं. हा विल्यम हॉव म्हणजे शिवणयंत्राचं पेटंट घेणाऱ्या इलायस हॉवचा सख्खा काका! एकाच्या घरात पूल, दुसऱ्याच्या घरात शिवण. हे वाचलं तेव्हापासून मी माझ्या मशिनकडे जरा अदबीनं बघते.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत लाकडी कैचीचे छप्पर असलेले पूलही आहेत. १९९५ साली मेरील स्ट्रीपचा एक सिनेमा आला होता, मॅडिसन कौंटीच्या पुलांवरचा, त्यात ते दिसतात. लांबून एखादं कौलारू गोठाघर नदीवर ठेवल्यासारखं दिसतं. मला वाटायचं, वाटसरूंना पाऊस लागू नये म्हणून छप्पर असेल. तर नाही! छप्पर आहे ते लाकडी कैचीसाठी. उघडी कैची पावसानं लवकर कुजते, झाकलेली पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आपण शेगडीवर पोतं टाकतो, तसाच विचार.

एवढं सगळं मी पुस्तकातून आणि इकडून तिकडून गोळा केलं. पण असा पूल पायांखालून गेला तो अंकलेश्वरला. माझ्या थोरल्या नणंदबाई तिथे असतात. त्यांचे यजमान तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. मराठी माणसं तिथे पुष्कळ आहेत, खानदेशातली तर विचारूच नका. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, २०१३ साली, आम्ही त्यांच्याकडे गेलो. अंकलेश्वर आणि भरूच यांच्या मधे नर्मदा. आणि नर्मदेवर तो पूल, ज्याला सगळे गोल्डन ब्रिज म्हणतात.

सोन्याचा कुठला, लोखंडाचाच. १८७७ साली काम सुरू झालं, १८८१ साली पूर्ण झालं. लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. तो बांधला रेल्वेसाठी. त्याआधीच्या पुलांना नर्मदेच्या पुरांनी काही टिकू दिलं नव्हतं. दुरुस्त्यांवर आणि बांधकामावर इतका पैसा गेला की तेवढ्यात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून हे नाव, असं तिथले लोक सांगतात. पुढे १९३५ साली रेल्वेसाठी शेजारी दुसरा पूल झाला आणि हा रस्त्याच्या वाट्याला आला. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या गाड्यांना तिथे बंदी होती. रिक्षा, स्कूटर, मोटारी यांची मात्र मुंग्यांसारखी रांग.

आम्ही संध्याकाळी रिक्षातून निघालो. दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी, जाळीतून नर्मदेचं रुंद पात्र, भरतीचं पाणी मागे सरकतंय, शेजारच्या पुलावरून आगगाडी धडधडत गेली. तिरक्या पट्ट्यांमधून मावळतीचं ऊन फाळ्याफाळ्यांनी आत येत होतं. मी रिक्षातून जवळजवळ बाहेर लोंबत होते. जिथे पट्ट्या एकत्र येतात तिथल्या पत्र्यावर रिव्हेटांची गोल डोकी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडलेली. रिव्हेट म्हणजे लोखंडाचा जाड खिळाच, पण तो लालबुंद तापवून भोकात घालायचा आणि दुसऱ्या टोकाला ठोकून त्याचं डोकं करायचं. थंड होताना तो आकसतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून धाव चढवतो, तीच युक्ती. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली झाला, तोही असाच रिव्हेटांवर उभा आहे; नट-बोल्ट नाहीतच.

"किती देखणा पूल आहे, वन्सं!" मी म्हटलं.

वन्सं काही बोलल्या नाहीत. पूल संपत आला तेव्हा म्हणाल्या, "तुला पूल दिसतो गं. मला घड्याळ दिसतं."

मग त्यांनी सांगितलं. २०११ साली त्यांना कळा सुरू झाल्या त्या रात्री दवाखाना पलीकडे, भरूचला. पुलावर एक टेम्पो बंद पडलेला. अरुंद पूल, मागे सरता येईना, पुढे जाता येईना. रिक्षात त्या, शेजारी सासूबाई, आणि पुढे लाल दिव्यांची रांग. पाऊण तास. दर दोन मिनिटांनी त्या जाळीतले चौकोन मोजत होत्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. भाची सुखरूप जन्मली, दवाखान्याच्या दारात पोचल्यावर वीस मिनिटांत. "नवा पूल झाला की मी पेढे वाटीन," वन्सं म्हणाल्या. आणि खरंच, जुलै २०२१ मध्ये शेजारचा नवा, रुंद, सिमेंटचा पूल खुला झाला तेव्हा त्यांनी आम्हाला फोनवर पेढ्यांचा फोटो पाठवला. मला त्या पुलाचं नाव ऐकून आनंद झाला आणि जुन्याची आठवण येऊन थोडं वाईटही वाटलं. पण वन्संच्या पुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती. त्यांचं बरोबरच होतं. ज्या पुलावरून रोज जायचं, त्यानं आधी वेळेवर पोचवलं पाहिजे, देखणेपण मागाहून.

तरी मला वाटतं, असे पूल गाड्यांच्या कामातून सुटले म्हणून लोखंडाच्या भावानं मोडीत जाऊ नयेत. पायी जाणाऱ्यांना, सायकलींना, संध्याकाळी वारा खायला आलेल्या म्हाताऱ्यांना ते पुरतात. मात्र एका अटीवर, आणि त्या अटीकडे मी येतेच आहे. त्याआधी एक आनंदाची गोष्ट सांगते, कारण कैचीचा पूल म्हणजे केवळ पणजोबांच्या काळची वस्तू असा समज व्हायला नको.

दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरनं सैन्यासाठी एक पूल आखला. त्याची सगळी करामत एका चौकटीत आहे: दहा फूट लांब, पाच फूट उंच, आत तिरक्या पट्ट्यांची नक्षी. वजन अडीचशे किलोंच्या आसपास, म्हणजे सहा माणसांनी उचलावं एवढं. क्रेन नको, रिव्हेट नकोत. एका चौकटीला दुसरी चौकट लावायची, भोकात जाड पिन सारायची, की झालं. भार जास्त असेल तर शेजारी दुसरी रांग, वर तिसरी. आणि बांधायचा एकाच काठावर! रुळांवरून हळूहळू पुढे ढकलत न्यायचा. टोकाला हलकं नाकाड लावलेलं असतं, ते आधी पलीकडच्या काठाला टेकतं. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली, त्यानंतर लष्करानं तिथे आणि आणखी दोन स्टेशनांवर पादचारी पूल उभे केले, ते याच जातीचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते लोकांना खुले झाले.

आणि ३० जुलै २०२४च्या पहाटे केरळात वायनाडला डोंगर खचला, गावंच्या गावं चिखलाखाली गेली, चूरलमला इथला पूल वाहून गेला. पलीकडे माणसं अडकलेली. तेव्हा बेंगळुरूच्या मद्रास सॅपर्सच्या तुकडीनं तिथे १९० फुटांचा बेली पूल टाकला. म्हणजे हिशेब केला तर दहा-दहा फुटांच्या एकोणीस चौकटी एकापुढे एक. वरून पाऊस, खाली गढूळ लोंढा, बाजूला उपसलेली झाडं. १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल तयार झाला, चोवीस टन भार पेलणारा, आणि त्यावरून यंत्रं आणि रुग्णवाहिका पलीकडे गेल्या. त्या कामावर एक बाई होती: मेजर सीता शेळके. आपल्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावची मुलगी! त्या पुलाच्या लोखंडावर उभ्या असलेल्या त्यांचा फोटो तेव्हा घरोघरी पोचला. बाई म्हणून कौतुक नको, मी इथे सैनिक म्हणून आले आहे, अशा अर्थाचं त्या पत्रकारांशी बोलल्या. कौतुक त्यांना नको असलं तरी मी केलंच. फोटो कापून वर्गाच्या फळ्याशेजारी लावला. दोन मुलींनी विचारलं, "बाई, त्यांना चौकटी उचलाव्या लागल्या असतील का हो?" मी म्हटलं, सहा जणांत एक खांदा त्यांचाही लागला असेल, पण कुठली चौकट आधी न्यायची हे त्यांनी ठरवलं असेल. मुलींना दुसरं जास्त आवडलं.

आता ती अट. १५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. पावसाळा नुकता लागलेला, पाणी बघायला माणसं लोटलेली, अरुंद पुलावर गर्दी, त्यात दुचाक्या. चार माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. पूल तीसेक वर्षांचा, म्हणजे माझ्याहून लहान, गावकऱ्यांना पलीकडे जाता यावं म्हणून केलेला. धोक्याची पाटी तिथे लावलेली होती. ती बातमी वाचली तेव्हा दोन दिवस मला या विषयावर एक अक्षर लिहवेना. पाटी हा काही पुलाचा भाग नव्हे; पाटीनं भार पेलत नाही. पूल धोक्याचा असेल तर दोन्ही तोंडांना भिंत घालून तो खरोखर बंद करायचा, नाहीतर दुरुस्त करायचा. मधली वाट म्हणजे पाटी लावून डोळे मिटणं.

कैचीचा पूल जसा सगळं उघड दाखवतो तसा तो फार कुणावर अवलंबूनही असतो. साध्या कैचीत प्रत्येक काडीला काम असतं, फालतू कोणी नाही. म्हणून एक निखळली तर तिचं ओझं घ्यायला शेजारीण मोकळी असेलच असं नाही. त्यातही काड्यांपेक्षा सांधे नाजूक. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ला ऐन संध्याकाळच्या गर्दीत एक मोठा पोलादी कैचीचा पूल मिसिसिपी नदीत पडला, तेरा माणसं गेली. चौकशीत निघालं काय, तर काड्या धडधाकट होत्या, त्यांना जोडणारे सांध्यावरचे पत्रे हवे त्याच्या निम्म्याच जाडीचे होते. १९६७ साली पूल झाला तेव्हापासूनची ती उणीव. चाळीस वर्षं ते पत्रे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

आपल्या हवेत सांध्यांचा शत्रू म्हणजे गंज. सांध्याच्या खोबणीत पालापाचोळा, माती, पक्ष्यांची शीट साठते, पावसाचं पाणी मुरतं आणि लोखंड आतून फुलतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे दोन पत्रे हळूहळू फाकतात, रिव्हेटांची डोकी उडतात. याला औषध काही महागामोलाचं नाही. झाडून काढायचं, तारेच्या ब्रशनं खरवडायचं, तांबडा प्रायमर लावायचा, वर रंग. दर काही वर्षांनी पुन्हा तेच. बिडाचा तवा आपण घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवतो, नाही ठेवला तर आठ दिवसांत तो आपल्याला इंगा दाखवतो. जो तवा चार पिढ्या चालतो तो कुणीतरी रोज पुसलेला असतो. पुलाला पुसणारं माणूस नेमलेलं असलं पाहिजे, एवढीच माझी अट. नुसती रंगरंगोटी मात्र नको. गंजावरून चंदेरी रंग फासला की फोटो छान येतो आणि सांधा आत सडत राहतो.

यंदा शाळेत मी ऑफ तासाला सातवीच्या मुलांकडून कैचीचा पूल करून घेतला. मी अर्धवेळ शिक्षिका, विषय मराठी आणि इतिहास, तेव्हा हा उपद्व्याप कुणी मला सांगितलेला नव्हता. पण अरविंद गुप्ता यांची आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीची खेळणी मला ठाऊक होती. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. नळीचे तुकडे सांध्याला, काड्या मधे. दोन बाकांच्या मधे पूल ठेवला, त्याला दोऱ्यानं खोडरबर, मग कंपासपेटी, मग एकाची पाण्याची बाटली टांगली. पूल वाकला, पण राहिला. एक पोरगी म्हणाली, "बाई, ही मधली तिरकी काडी उगाचच आहे." काढून बघ म्हटलं. तिनं काढली. बाटली खाली, पाणी माझ्या चपलांवर.

त्यानंतर वर्गाला नवीनच खूळ लागलं. आमच्या शाळेची प्रार्थनेची शेड पत्र्याची, जुन्या लोखंडी कैच्यांवर उभी. सात कैच्या. मुलं मधल्या सुट्टीत माना वर करून काड्या मोजायला लागली, कुठली ओढ घेते आणि कुठली दाब यावर भांडायला लागली. आणि तिसऱ्याच दिवशी दोघं जण धावत शिक्षकखोलीत आले: "बाई, पाचव्या कैचीला खालच्या सांध्यात एक बोल्ट न्हाई! नुसतं भोक आहे!" मी जाऊन बघितलं. खरंच भोक, त्यातून आकाश दिसत होतं. शेजारच्या बोल्टचा नट निम्मा बाहेर आलेला. मुख्याध्यापकांना दाखवलं, ते आधी वैतागले, मग त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बोट लावून पाहिलं, आणि त्या दिवसापासून प्रार्थना मैदानात घ्यायला सांगितली. शनिवारी फॅब्रिकेटर शिडी घेऊन आला, तोच, आमच्या गच्चीचा. त्यानं पाचव्या कैचीला दोन नवे बोल्ट घातले आणि मुलांच्या हट्टावरून उरलेल्या सहा कैच्यांचेही सगळे नट पान्यानं आवळून पाहिले. तिसऱ्या कैचीत आणखी एक ढिला निघाला.